उंची नक्की कशापासून?

फवारणीचा ड्रोन उसाच्या फडावर फिरताना दिसणे ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. चालकाच्या हातातल्या पडद्यावर ‘उंची ५ मीटर’ असा आकडा उमटतो आणि चालक, शेतमालक, बांधावरचे बघे असे सगळेच निर्धास्त होतात. पण ही ५ मीटर उंची नक्की कशापासूनची? ड्रोन जिथून उडाला त्या बांधापासूनची, त्याच्या खालच्या जमिनीपासूनची, उसाच्या शेंड्यापासूनची की समुद्रसपाटीपासूनची? या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगवेगळी असतात. औषध पिकावर पडते की वाऱ्यावर स्वार होऊन शेजाऱ्याच्या बागेत, विहिरीवर किंवा वस्तीवर जाते, हे त्या उत्तरावर बरेचसे ठरते. म्हणूनच ड्रोनची उंची हा यंत्राच्या तपशिलाचा प्रश्न वाटत असला, तरी तो आरोग्याचाही आहे.

ड्रोनने फवारणी करण्यामागचे कारण रास्त आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत किमान २० शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला आणि शेकडो जणांना रुग्णालयात जावे लागले. पाठीवरचा पंप घेऊन डोक्यापर्यंत वाढलेल्या पिकात शिरणाऱ्या माणसाच्या अंगावर औषध उडते, श्वासातून आत जाते. पुरुषभर उंचीच्या उसात तर फवारणी जवळपास अशक्यच होते. ड्रोन माणसाला त्या धुक्यातून बाहेर काढतो, हा त्याचा मोठा गुण आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेली ‘नमो ड्रोन दीदी’ योजना १५ हजार महिला बचत गटांपर्यंत ड्रोन पोहोचवण्यासाठी आहे. त्यासाठी किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत मिळते. म्हणजे येत्या काळात ड्रोन वाढणार, हे नक्की. ते कोणत्या उंचीवरून उडतील, याची चर्चा मात्र त्या मानाने फारच कमी आहे.

उंचीला एवढे महत्त्व का, हे एका थेंबाचा प्रवास पाहिला की कळते. पाठीवरच्या पंपाने एका एकराला साधारण १५० ते २०० लिटर पाणी लागते, तर ड्रोन तेच काम १० लिटरच्या आसपास पाण्यात करतो. औषधाची मात्रा तीच ठेवली तर ड्रोनचा थेंब १५ ते २० पट तीव्र होतो, आणि तो बारीकही असतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे २७ सेंटीमीटर वेगाने खाली येतो. पंख्यांचा झोत नसेल तर ३ मीटर खाली यायला त्याला ११ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात सेकंदाला २ मीटर वेगाची साधी झुळूकही त्याला २२ मीटर लांब नेईल. थेंबाचा व्यास निम्मा झाला तर पडण्याचा वेग जवळपास चौथाईवर येतो आणि हेच अंतर चौपट होते. प्रत्यक्षात पंख्यांचा झोत थेंबांना खाली ढकलतो म्हणून ड्रोनची फवारणी शक्य होते. पण हा झोत पिकाजवळच जोरदार असतो आणि उंची वाढली की तो विरतो. म्हणूनच पिकाच्या शेंड्यापासून साधारण दीड ते तीन मीटर एवढ्याच उंचीवरून फवारणी करतात. त्याहून खाली गेले तर पाने लोळतात आणि पट्टा अरुंद होऊन मधे मोकळ्या रेघा राहतात. त्याहून वर गेले तर औषध भरकटते. एवढ्या अरुंद मर्यादेत एक-दोन मीटरची चूक म्हणजे सगळेच गणित बिघडणे.

या दोन तालुक्यांत ही चूक विशेष महागात पडू शकते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस उभा आहे आणि त्याच्याच बांधाला बांध लावून द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा आहेत. उसातले रुंद पानांचे तण मारण्यासाठी वापरले जाणारे २,४-डी हे तणनाशक द्राक्षवेलीला किती बाधते, हे बागायतदारांना सांगावे लागत नाही. त्याचा थोडासा अंश पोहोचला तरी पाने पंख्यासारखी आक्रसतात. फवारणी ड्रोनने होवो वा पंपाने, शेजाऱ्याची बाग वाचते ती थेंब कुठे पडतो यावर. डाळिंबाच्या फुलोऱ्यावर येणाऱ्या मधमाश्या, गोठ्यातली जनावरे, उघड्या विहिरी आणि शेतातच घर करून राहणारी कुटुंबे यांनाही तोच न्याय लागू होतो.

आता पडद्यावरचा आकडा कुठून येतो ते पाहू. बहुतेक ड्रोनमध्ये उंचीचा पहिला साक्षीदार असतो तो वायुदाबमापक. नखाएवढी ही चकती काहीशे रुपयांत मिळते. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. बारामतीच्या उंचीवर आणि तापमानात सुमारे ९ मीटर चढले की दाब एका हेक्टोपास्कलने घटतो. आजचे स्वस्त मापकही मीटरभराचा, चांगले असतील तर पाव मीटरचाही फरक टिपतात. या किमतीत ही कमाल म्हणायला हवी. पण या साक्षीदाराच्या तीन खोडी आहेत. पहिली म्हणजे त्याला जमीन दिसत नाही. उड्डाणाच्या जागी असलेला दाब तो शून्य धरतो आणि तिथपासूनची उंची सांगतो. कालव्याच्या भरावावरून ड्रोन उडवला आणि शेत दोन मीटर खाली असेल, तर पडद्यावरचे ५ मीटर शेतावर ७ होतात. उलट शेत चढाचे असेल तर तेच ५ मीटर ३ वर येतात आणि ऊस तीन मीटरचा असेल तर पंखे थेट शेंड्यांत जातात.

दुसरी खोडी हवामानाची. आपल्या पट्ट्यात हवेच्या दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. हा फरक सुमारे ३ हेक्टोपास्कल भरतो. म्हणजे शेतात जागचे न हललेले यंत्र सहा तासांत आपण २७ मीटर वर चढलो असे सांगेल. हिशेब ताशी साडेचार मीटरचा झाला. दहा-बारा मिनिटांच्या एका उड्डाणात जवळपास मीटरभराची चूक यातूनच येऊ शकते. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी शून्य नव्याने लावायचा असतो. सकाळचा शून्य दुपारी चालत नाही. तिसरी खोडी वाऱ्याची. सेकंदाला ५ मीटरचा वारा मापकाच्या तोंडावर थेट आदळला तर तेवढ्यानेच मीटरभर चूक होते. मापकावर स्पंजचा छोटा तुकडा बसवतात तो त्यासाठीच. हा उपाय जवळजवळ फुकटचा आहे आणि गुणकारीही.

दुसरा साक्षीदार जीपीएस. त्याच्यावर लोकांचा विश्वास फार, पण उभ्या दिशेत तो आडव्या दिशेपेक्षा कच्चा असतो. उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे उंचीची चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट भरते. शिवाय उपग्रह मुळात उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका कल्पित गुळगुळीत अंडाकृतीपासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. भारतात समुद्रसपाटीची पातळी या अंडाकृतीच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खड्डा १०० मीटरहून खोल आहे आणि आपल्या भागातही फरक ६० मीटरपेक्षा जास्त आहे. बहुतेक यंत्रे तो आतल्या आत दुरुस्त करतात, पण स्वस्त जुळणीत ही दुरुस्ती राहून गेली तर आकडे चक्रावून टाकतात. ती झाली तरी मिळते ती समुद्रापासूनची उंची. खालच्या जमिनीची उंची त्यातून वजा करावी लागते. त्यासाठी २००० साली अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीचे नकाशे फुकट मिळतात. पण त्यात ३० मीटरच्या चौकोनाला एकच आकडा असतो आणि तो काही मीटरने चुकू शकतो. डोंगर ओलांडायला तो पुरेसा आहे, उसावर फवारायला नाही. जमिनीवरच्या केंद्राची मदत घेणारे आरटीके तंत्र सेंटीमीटरपर्यंत अचूक ठरते, पण त्याचा खर्च वेगळा.

म्हणजे हे दोन्ही साक्षीदार खाली पाहतच नाहीत. पिकावर उडणाऱ्या यंत्राला खाली पाहणारा डोळा लागतो. त्यातला सर्वांत स्वस्त म्हणजे अल्ट्रासॉनिक सेन्सर. महाविद्यालयातल्या प्रकल्पांत दिसणारा दोन डोळ्यांचा हा सेन्सर शे-दीडशे रुपयांत मिळतो. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडून तो प्रतिध्वनीची वेळ मोजतो. त्याची मजल मात्र चारेक मीटरच. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो. २० अंशांवर बेतलेला सेन्सर ४० अंशांच्या उन्हात ३ मीटरला १० सेंटीमीटर कमी सांगतो. ही चूक सोसण्यासारखी आहे. न सोसण्यासारखी अडचण म्हणजे पंख्यांचा गोंगाट आणि पाने. दाट, मऊ पानोळा आवाज गिळून टाकतो. उतरताना शेवटच्या दोन मीटरला हा सेन्सर कामाचा, पिकावर भरवशाचा नाही.

लेझरचा सेन्सर त्याच्यापेक्षा पुढचा. प्रकाशाला ३ मीटर जाऊन परत यायला २० नॅनोसेकंद लागतात, आणि एवढा सूक्ष्म काळ मोजणारे सेन्सर आता काही हजार रुपयांत मिळतात. कागदावर त्यांची मजल दहा-बारा मीटर असते, ती कडक उन्हात घटते. लेझर बारीक झोताने पाहतो. तो कधी शेंड्याला लागतो, कधी दोन सऱ्यांमधून थेट जमिनीला, आणि आकडा उड्या मारतो. एक-दोन सेकंदांतले अनेक आकडे घेऊन त्यांतला मधला निवडला की हा दोष बराच आवरतो. पाण्यावर मात्र लेझर फसतो. उजनीच्या पाणलोटात भिगवणला रोहित पक्ष्यांचे चित्रण करायला नेलेल्या हौशी ड्रोनने पाणी चुकीचे मोजले तर नुकसान यंत्राचे, आणि खाली आलेल्या यंत्राने थवे बिथरले तर पक्ष्यांचेही. रडारचा झोत रुंद असतो. धूळ, धुके आणि औषधाचा फवारा यांना तो जुमानत नाही. चांगल्या फवारणी ड्रोनमध्ये तो बसवलेला असतो, याचे कारण हेच. महाग असला तरी सुमारे दहा लाखांच्या यंत्रात त्याचा वाटा मोठा नाही. स्थानिक जुळणीच्या स्वस्त ड्रोनमध्ये नेमकी याच भागावर काटकसर होते, आणि ती काटकसर शेजाऱ्याच्या बागेच्या आणि आरोग्याच्या जिवावर होते.

सेन्सर कुठलाही असो, तो खरे बोलतो का हे तपासायला पैसे लागत नाहीत. जमिनीवर फक्कीने एक फुली मारावी, कॅमेऱ्यात पाहून ड्रोन नेमका फुलीवर स्थिर करावा आणि त्याची सावली कुठे पडते ते खुणावावे. शेजारी एक मीटरची काठी उभी रोवून तिची सावली मोजावी. काठीची सावली दीड मीटर आणि ड्रोनची सावली फुलीपासून साडेसात मीटर असेल, तर ड्रोन ५ मीटरवर आहे. ड्रोन फुलीवरून अर्धा मीटर सरकला असेल तरी चूक जेमतेम एक फुटाची. फवारणी सकाळ-संध्याकाळी होते आणि सावल्या तेव्हाच लांब असतात, त्यामुळे ही पद्धत कामाच्या वेळेलाच जुळते. ढगाळ हवेत कोनमापक वापरावा. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि नट बांधला की साधन तयार. फुलीपासून १० मीटर दूर उभे राहून ४५ अंशांत ड्रोन दिसला तर तो बघणाऱ्याच्या डोळ्यांपासून १० मीटर उंच. एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ३५ सेंटीमीटर. फवारणीच्या ड्रोनला दोरी लटकवून उंची मोजण्याचा मोह मात्र टाळावा; ती पंख्यात अडकली तर जिवावर बेतेल.

कॅमेऱ्याच्या ड्रोनसाठी आणखी सोपा मार्ग आहे. एक मीटरची पांढरी पट्टी १० मीटर उंचीवरून चित्रात ३०० ठिपके व्यापत असेल, तर १०० ठिपके व्यापेल तेव्हा उंची ३० मीटर. पट्टी नसेल तर पाच फुटी सरी आहेच. शेतकऱ्याने आखलेली मोजपट्टी शेतातच असते. याच कारणाने उंची चुकली की क्षेत्रही चुकते. चित्रावरून शेत मोजताना उंची १० टक्क्यांनी जास्त धरली तर क्षेत्र २१ टक्क्यांनी फुगते. ४० गुंठ्यांचे ४८ गुंठे कागदावर होतात. शेजारच्या पुरंदर तालुक्यात सोनोरीला गावठाणाची ड्रोन मोजणी झाली आणि पुढे ‘स्वामित्व’ योजनेतून ती देशभर गेली. त्या मोजणीत जमिनीवर अचूक खुणा का लागतात, ते यावरून ध्यानात यावे.

उंचीचा प्रश्न कायद्याचाही आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उडता येते. सुरू असलेल्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमाने उडतात, त्यामुळे इथे हा आकडा कागदापुरता नाही. उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’वरचा नकाशा पाहणे म्हणूनच आवश्यक. २०२४च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी आल्या आणि गावोगावी लोक जागू लागले. अंधारात एका दिव्याची उंची डोळ्याने सांगता येत नाही. तारा, विमान आणि ड्रोन यांत गल्लत होते. पण शंभर मीटर अंतरावर, दिव्याच्या एकाच बाजूला सरळ रेषेत उभ्या दोघांनी फोनवर बोलत एकाच क्षणी कोन मोजले, तर भीतीऐवजी आकडा हाती येतो. लांबच्याला ३० आणि जवळच्याला ४५ अंश दिसले तर उंची सुमारे १३७ मीटर, म्हणजे मर्यादेबाहेर. दोघांनाही कोन सारखाच दिसला तर तो दिवा फार दूरचा; काठ्या घेऊन धावण्याचे कारण नाही.

यावर असा आक्षेप येईल की आधुनिक ड्रोन हुशार असतात, जमिनीचा चढ-उतार ओळखून आपोआप उंची सांभाळतात. खरे आहे, पण सेन्सरवर औषधाचा थर साचला, तो ढिला झाला किंवा ती सोय बंदच ठेवली, तर यंत्र काही तक्रार न करता चुकीच्या उंचीवर फवारत राहते. ट्रॅक्टरचा नांगर किती खोल गेला हे शेतकरी तासात उतरून पाहतो. ड्रोनची तपासणीही इतकी साधी आणि सवयीची झाली पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, सरकारी अनुदानातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक फवारणी ड्रोनला खाली पाहणारा रडार किंवा लेझर सेन्सर ही अट असावी आणि तो वर्षातून एकदा तपासून घ्यावा. दुसरी, चालकाच्या प्रशिक्षणात वायुदाबाचा शून्य नव्याने लावणे आणि सावलीची चाचणी यांचा प्रत्यक्ष सराव असावा. ड्रोन दीदींना तर तो आवर्जून द्यावा, कारण फवारणीच्या चुकीचा पहिला जाब गावात त्यांनाच विचारला जाईल. तिसरी, फवारणीच्या पावतीवर एकर आणि औषध यांबरोबर पिकापासूनची उंची, वाऱ्याची दिशा आणि वेळ यांची नोंद असावी. उद्या शेजाऱ्याच्या बागेचे पान आक्रसले, तर भांडण तोंडी न राहता नोंदीवर सुटेल.

हे करायला मुंबई-दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. शारदानगरला अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे कृषी विज्ञान केंद्र आहे, माळेगाव खुर्दला भारतीय कृषी संशोधन परिषदेची अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि बारामतीतच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग करून या परिसराने जगाचे लक्ष वेधले आहे. एक मोकळे मैदान, मोजून रोवलेले खांब, फक्कीच्या खुणा आणि आठवड्यातला एक दिवस एवढ्यावर ड्रोनच्या उंचीची तपासणी सुरू करता येईल. ‘कृषिक’सारख्या प्रदर्शनात उडणाऱ्या ड्रोनभोवती गर्दी होतेच, तिथे त्याच्या शेजारी एक मीटरची काठी रोवून सावलीचा हिशेबही दाखवावा.

शेतकऱ्याच्या हातात तोवर एक प्रश्न आहेच आणि तो विचारायला काही खर्च येत नाही. ड्रोन फडावर नेण्याआधी त्याने चालकाला विचारावे, हा पडद्यावरचा आकडा कशापासूनचा? उत्तर ‘बांधापासूनचा’ असे आले, तर फवारणी थांबवून आधी शेंड्यापासूनची उंची मोजायला सांगावी. त्यात पाच मिनिटे जातील, पण औषध ज्याचे आहे त्याच्याच पिकावर पडेल.